हाताच्या व्यायामाचं बिल

डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’. गोळ्यांची नावं, वेळा, किती दिवस घ्यायच्या, सगळं वर नीट लिहिलेलं असतं. व्यायामापुढे मात्र ना मात्रा, ना मुदत, ना खर्चाचा अंदाज. पक्षाघाताच्या पेशंटचा पाय बऱ्याचदा आधी उभारी धरतो आणि हात मागे राहतो. धरून का होईना, माणूस घरात चालू लागतो, पण हात मांडीवर पडून असतो. मग घरच्यांचा जीव त्या हातात अडकतो आणि तिथून पैसे सुटायला लागतात. रोज येणारा फिजिओ, तेल चोळणारा, ऑनलाइन मागवलेली कप्पी, मोबाइलवरच्या जाहिरातीतला रबरी हातमोजा. दोन महिन्यांत पन्नास-साठ हजार कुठे गेले ते कळत नाही.

या खर्चाकडे बघायची एक सोपी रीत आहे. हात परत हलता करण्यात दोन वेगळी कामं असतात. एक, कोणती हालचाल, किती आणि कशी करायची हे जाणकार नजरेनं ठरवणं. दुसरं, ती हालचाल रोज शेकडो वेळा करणं. पहिल्या कामाला पैसे मोजावेत, आणि चांगले मोजावेत. दुसरं काम घरात, खुर्चीवर बसून, जवळजवळ फुकटात होतं. अडचण अशी की बहुतेक घरं दुसऱ्या कामाचे पैसे देतात आणि पहिलं काम कोणी करतंय का, हे विचारायचं राहून जातं.

‘शेकडो वेळा’ हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. अमेरिकेत कॅथरीन लँग यांच्या गटानं पक्षाघातानंतरच्या उपचारांची ३१२ सत्रं बसून मोजली. त्यांचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. हातावर काम झालेल्या सत्रात कामाची हालचाल सरासरी फक्त ३२ वेळा झाली होती. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांतून मेंदू नव्यानं शिकतो हे दिसलं, त्यांत एकेका बैठकीत शेकडो हालचाली करून घेतल्या जातात. हे तिथल्या नावाजलेल्या केंद्रांचं चित्र. आपल्याकडे पाऊण तासाच्या भेटीत वीस मिनिटं मशीन लावलेलं असेल, तर उरलेल्या वेळाचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

भेटीचा दर आणि भेटींची संख्या

पुण्या-मुंबईत घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका भेटीचे साधारण ५०० ते १,००० रुपये घेतो. न्यूरोचं पदव्युत्तर शिक्षण झालेला असेल तर त्याहून जास्त. आपण दवाखान्यात गेलो तर ३०० ते ६००. तालुक्याच्या गावी २०० ते ४००मध्ये भागतं. हे ठोकळ आकडे आहेत. एकाच शहरात कोथरूड आणि हडपसरचे दर वेगळे निघतील. तेव्हा तीन ठिकाणी फोन करून विचारल्याशिवाय ठरवू नका.

दरापेक्षा भेटींची संख्या खिसा जास्त रिकामा करते. ७०० रुपये दरानं आठवड्यातले सहा दिवस फिजिओ येत असेल तर महिन्याच्या २६ भेटींचे १८,२०० आणि तीन महिन्यांचे ५४,६०० रुपये होतात. आता दुसरी मांडणी बघा. पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीन भेटी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. एकूण २४ भेटी, १६,८०० रुपये. मधल्या दिवशी ठरवून दिलेला सराव घरातलं कोणीतरी समोर बसून करून घेणार. पहिले तीन महिने सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो, म्हणून पैसे आणि मेहनत दोन्ही याच काळात पुढे ओढून खर्च करावी. त्यानंतरही हात सुधारत राहतो, फक्त सावकाश.

ही दुसरी मांडणी सगळ्यांना लागू नाही. बसल्या जागी तोल जात असेल, आपल्या शरीराची एक बाजू आहे याचंच भान नसेल, सांगितलेलं समजत नसेल, खांदा दुखत असेल किंवा खोबणीतून खाली उतरला असेल, तर सुरुवातीला भेटी वाढवाव्या लागतात. तिथे काटकसर महागात पडते. घरी करून घेणारं माणूसच नसेल तरीही तेच.

घरच्यांवर सगळं सोपवण्याचा प्रयोग आपल्याच देशात झालेला आहे. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत भारतातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० पेशंट होते. एका गटात नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी करून घ्यायला सांगितलं, दुसऱ्यात नेहमीचे उपचार. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. तिथे एकट्या हाताचं मोजमाप हा मुख्य मुद्दा नव्हता, हे खरं. तरीही माझ्या मते त्याचा अर्थ असा की दवाखान्यातून निघताना घाईत दाखवलेले व्यायाम घरी नेऊन काम भागत नाही.

याच्या उलट बाजूला कॅनडातला ‘ग्रास्प’ कार्यक्रम आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या जॅनिस एंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. पेशंटला हाताच्या ताकदीप्रमाणे वही मिळते, टॉवेल-चेंडू-चिमटे असा स्वस्तातला संच मिळतो, आणि रोज तासभर, आठवड्यातून सहा दिवस त्यानं स्वतःच सराव करायचा. थेरपिस्ट अधूनमधून तपासून व्यायाम वाढवतो. २००९च्या चाचणीत १०३ पेशंट होते, चार आठवड्यांत या गटाचा हात इतरांपेक्षा जास्त चालू लागला. वह्या इंग्रजीत आहेत पण इंटरनेटवर फुकट मिळतात, चित्रं बोलकी आहेत, आणि तुमच्या फिजिओनं त्या पाहिलेल्या नसतील तर त्याला दाखवायला हरकत नाही. ज्यांचा हात अजिबात हलत नसेल त्यांच्यासाठी मात्र त्या नाहीत.

पहिल्या फोनवर विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. शिक्षण काय आणि महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का? पक्षाघाताचे पेशंट नेहमी बघता का? घरचा सराव लिहून देणार का? किती दिवसांनी मोजमाप घेणार? मशीन किती वेळ लावता? शेवटचा प्रश्न जरा आगाऊ वाटेल, तरी विचारा. शेक आणि करंट घेताना पेशंट निवांत बसतो, त्याला बरंही वाटतं, पण हात काही शिकत नाही.

तीस भेटींचं पॅकेज एकदम घेतलं तर सवलत देतात. घेऊ नका. दहापेक्षा जास्त भेटींचे पैसे आगाऊ देऊ नयेत, आणि पेशंट पुन्हा अॅडमिट झाला तर उरलेले पैसे परत मिळतील हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्यावं. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

हाताच्या बाबतीत एका माणसाला आपल्याकडे फार कमी लोक विचारतात: ऑक्युपेशनल थेरपिस्ट. शर्टाचं बटण, घास, तांब्या, पैसे मोजणं हे त्याचं क्षेत्र. दर फिजिओइतकाच किंवा थोडा जास्त असतो. मोठ्या शहरांबाहेर शोधणं अवघड आहे. पण महिन्यातून एक भेट मिळाली तरी ती मी फिजिओच्या चार भेटींवर तोलून घेईन. मुलगा पुण्यात आणि आईवडील गावाला अशा घरांनी एकदा प्रत्यक्ष तपासणी आणि मग व्हिडिओवर पाठपुरावा, असा मेळ घालावा. व्हिडिओवरच्या सत्राचे साधारण ३०० ते ५०० रुपये पडतात.

जिथे पैसे लागत नाहीत

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि पालिकेची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, पण तिथलं शुल्कही खाजगीच्या मानानं नाममात्र असतं. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या तिन्ही पालिका रुग्णालयांशी जोडलेली फिजिओथेरपीची विद्यालयं आहेत. हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५पासून आहे, तिथे फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही एका छताखाली मिळतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, वर्ध्याजवळ सावंगी मेघ्यात, नगर जिल्ह्यात लोणीला फिजिओथेरपीचं शिक्षण चालतं. जिथे शिक्षण चालतं तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना पेशंट हवे असतात. सावंगी आणि लोणीच्या संस्था खाजगी आहेत, तेव्हा शुल्क आधी विचारा. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी शिक्षकांच्या नजरेखाली तुमच्या वडिलांना तासभर देते. धावपळीतल्या खाजगी दवाखान्यात तेवढा वेळ सहसा मिळत नाही.

इथली खरी किंमत प्रवासाची. रिक्षाचे येण्याजाण्याचे ३०० रुपये आणि सोबतच्याची अर्धी रजा धरली तर ‘फुकट’ भेट महाग पडू शकते. एसटीनं जाणार असाल तर ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ७५च्या पुढे प्रवास मोफत, आणि महिलांना अर्धं तिकीट. आठवड्यातून एकदा तिथे जाऊन नवा सराव शिकून यायचा आणि बाकीचे दिवस घरी करायचा, ही मध्यमवर्गीय घराला परवडणारी सगळ्यात चांगली वाट आहे असं माझं मत.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल एक गैरसमज असतो. तिचं कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण दवाखान्यात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी येणाऱ्या फिजिओचं बिल तिथून निघत नाही.

खुर्चीतला सराव

डॉक्टरांनी रक्तदाब आटोक्यात असल्याचं सांगितलं आणि फिजिओनं एकदा हात बघितला, की मग हे घरी करता येतं. खुर्ची चाकांची नको, प्लास्टिकची हलकी नको. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची उत्तम. कंबर पाठीला टेकलेली, दोन्ही पावलं पूर्ण जमिनीवर. पोचत नसतील तर खाली पाट. समोर टेबल असं की कोपर त्यावर सहज टेकलं पाहिजे. टेबल नसेल तर मांडीवर उशी आणि उशीवर लाकडी पोळपाटासारखं काही सपाट. इथपर्यंतचा खर्च शून्य.

टेबलावर टॉवेलची घडी पसरा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा, दुबळ्या हाताचा अंगठा वर. हात टॉवेलवर ठेवून सावकाश पुढे सरकवायचे, कोपर सरळ होईपर्यंत, आणि तितक्याच सावकाश मागे. टॉवेल घसरतो म्हणून हाताचं वजन टेबल उचलतं आणि खांद्यावर ताण येत नाही. नंतर तेच डावीकडे, उजवीकडे. हात पुढे जावा यासाठी पेशंट अख्खं धड पुढे झुकवतो. ही चोरी सगळे करतात आणि आरशात बघितल्याशिवाय कळत नाही. समोर बसणाऱ्याचं मुख्य काम तेवढंच: पाठ खुर्चीला टेकलेली आहे का, खांदा कानाकडे चढतोय का, हे बघणं.

पुढचं, कोपर टेबलावर ठेवून तळहात वर आणि खाली करणं, हातावर साखर घेऊन ती पालथी करावी तसं. मनगट टेबलाच्या कडेबाहेर सोडून वर उचलणं. दोन्ही खांदे मागे घेऊन पाठीची पाती एकमेकांकडे आणणं. हे शेवटचं क्षुल्लक दिसतं, पण हाताच्या सगळ्या हालचालींचा पाया तिथे आहे. जे आपसूक होत नाही ते चांगल्या हातानं आधार देऊन करावं आणि त्या वेळी दुबळा हात स्वतः करतोय असं मनात धरून प्रयत्न करावा. नुसता हात हलवून घेतला तर सांधा मोकळा राहतो, मेंदूचा सराव होत नाही.

थोडी पकड आली की व्यायाम सोडून कामाकडे वळायचं. स्टीलचा रिकामा पेला उचलून वीतभर पलीकडे ठेवणं. मग त्यात दोन घोट पाणी. राजम्याचे दाणे एका वाटीतून दुसरीत. कपड्यांचे चिमटे डब्याच्या काठाला लावणं. पापडाच्या डब्याचं झाकण उघडणं. जपमाळ ओढणं. पूर्वी जे करायची सवय होती तेच निवडावं. आयुष्यभर दुकान चालवलेल्या माणसाला नाणी मोजायला द्या, शेंगा निवडायला नको. वीस वेळा, थांबा, परत वीस वेळा. दिवसातून तीन-चारदा पंधरा-पंधरा मिनिटं बसणं एकदम तासभर बसण्यापेक्षा सोपं जातं.

दुखलं की थांबायचं. ‘दुखल्याशिवाय बरं होत नाही’ हे खांद्याच्या बाबतीत सपशेल चूक आहे. पक्षाघातानंतर खांद्याचे स्नायू ढिले असतात. पेशंटला उठवताना काखेत हात घालून किंवा दुबळा हात धरून ओढलं की सांधा उतरतो, आणि मग पुढचे तीन महिने व्यायामाऐवजी दुखण्यावर खर्च होतात. बसल्यावर हात लोंबकळत ठेवू नये, खाली उशी ठेवावी. मालीशवाल्याला दुबळ्या हाताचा खांदा खेचू देऊ नये. त्याचे ३०० रुपये वाचवलेत तर उत्तमच. तेल घरच्यांनी हलक्या हातानं लावलं तर काही बिघडत नाही. संवेदना कमी असलेल्या हाताला गरम पाण्याची पिशवी मात्र अजिबात नको, भाजलेलं पेशंटला कळत नाही. पंजा सुजला, लाल झाला, स्पर्शानंही दुखायला लागला तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. आणि चेहरा वाकडा, बोलणं अडखळणं, नवी अशक्तता असं काही दिसलं तर व्यायाम वगैरे विसरून १०८ला फोन. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येईल का, हे झटक्यापासून पहिल्या साडेचार तासांत ठरतं.

मदतनीस ठेवला असेल तर त्याचा पगार, १२ तासांचा महिन्याला १५ ते २५ हजार, हाच तुमचा सगळ्यात मोठा खर्च असतो. फिजिओ येईल तेव्हा त्याला शेजारी उभं करा. दिवसभर सोबत असणारं माणूस व्यायाम करून घेणार नसेल तर मग कोण घेणार?

विकत घ्यायच्या आणि न घ्यायच्या वस्तू

सगळ्यात जास्त खपणारी वस्तू दाराला अडकवायची कप्पी, २५० ते ४०० रुपयांची. चांगल्या हातानं दोरी ओढून दुबळा हात डोक्यावर न्यायचा. नेमकं हेच करू नये असं अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६च्या पुनर्वसन सूचनांत म्हटलं आहे, कारण त्यानं खांदा दुखायला लागतो. घरात आली असेल तर काढून ठेवा.

मऊ चेंडू शंभराला मिळतो. मूठ आधीच आवळलेली राहत असेल तर त्या हाताला दाबायचा नव्हे, उघडायचा सराव हवा. चेंडू द्यायचा की नाही हे फिजिओनं ठरवावं. मनगटाचा तयार स्प्लिंट ३०० ते ६००ला, मापानं बनवलेला दीड ते साडेतीन हजारांना. ‘लावून ठेवला की हात आखडणार नाही’ असं सांगून तो विकतात. ऑस्ट्रेलियात ६३ पेशंटवर २००७मध्ये झालेल्या चाचणीत चार आठवडे रात्री स्प्लिंट लावूनही मनगट आखडण्यात फरक पडला नाही. काही पेशंटना दुखण्यासाठी किंवा हात नीट ठेवण्यासाठी तो लागतो, पण तेव्हा नेमकं कशासाठी ते विचारा.

हवा भरून बोटं उघडमीट करणारा ‘रोबोटिक’ हातमोजा ऑनलाइन चार ते दहा हजारांत मिळतो. जाहिरातीतल्या आजोबांचा हात उघडतो खरा, पण तो उघडतो मोजा. मोठ्या, खऱ्या रोबोची गोष्टही फार वेगळी नाही. ब्रिटनमधल्या ७७० पेशंटच्या ‘रॅटल्स’ चाचणीत, २०१९ साली, रोबोच्या मदतीनं केलेल्या सरावानं हाताचं काम नेहमीच्या उपचारांपेक्षा सुधारलं नाही. शहरातल्या केंद्रात रोबोच्या सत्राला हजाराच्या वर मागत असतील तर ही चाचणी लक्षात असू द्या.

याउलट तीनशे रुपयांचा आरसा घ्यायला हरकत नाही. साधारण दीड फूट बाय दीड फूट, कडा घासलेला, टेबलावर उभा राहील असा. दुबळा हात आरशामागे, चांगला हात समोर. चांगल्या हाताची हालचाल आरशात बघताना दुबळा हातच हलतोय असं मेंदूला वाटतं. मूळ कल्पना व्ही. एस. रामचंद्रन यांची, हात कापलेल्या लोकांच्या वेदनांसाठी. १९९९पासून ती पक्षाघातात वापरली जाते आणि कॉक्रेनच्या २०१८च्या आढाव्यात तिला बऱ्यापैकी पाठबळ मिळालं. काचेच्या दुकानात सांगून आरसा कापून घ्या. ‘मिरर थेरपी बॉक्स’ या नावानं तोच दोन हजारांना विकतात.

स्नायूला आकुंचन करायला लावणारं विजेचं यंत्र हात अगदीच कमी हलत असेल तेव्हा उपयोगी पडू शकतं. पण बाजारात दीड-दोन हजारांना मिळणारं ‘टेन्स’ यंत्र दुखणं कमी करण्यासाठी असतं, त्या कामाचं नाही. दुकानदार दोन्ही एकच म्हणून विकतो. आधी फिजिओकडचं यंत्र वापरून बघा, उपयोग दिसला तर भाड्यानं घ्या. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

हात फार कडक झाला असेल तर डॉक्टर बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवतात. किती स्नायूंत द्यायचं त्यावर १५ ते ४० हजार खर्च, परिणाम तीन-चार महिने. इंजेक्शननं ताठरपणा कमी होतो, ताकद येत नाही. त्या तीन महिन्यांत नेटानं सराव करायची तयारी नसेल तर पैसे घालू नयेत. स्टेम सेलच्या नावानं लाखांत बोलणाऱ्यांकडे जाऊच नका. भारतातच पाच केंद्रांत १२० पेशंटवर पेशंटच्या अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देऊन बघितल्या गेल्या, २०१४मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही.

चांगला हात बांधून दुबळ्याकडून काम करून घेण्याची पद्धत मात्र खरी आहे. एडवर्ड टॉब यांनी ती रुजवली. २०००च्या दशकात अमेरिकेत २२२ पेशंटवर तिची चाचणी झाली, तिचा निकाल २००६मध्ये आला. पण मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उचलता येणाऱ्यांनाच ती लागू पडते. चांगल्या हातावर चढवायचा मोजा शिवायला पन्नास रुपये लागतात, पण थेरपिस्टच्या सल्ल्याशिवाय करू नये. चालताना चांगला हात बांधलेला असेल तर पडताना आधार घेता येत नाही.

कागद

पहिल्या भेटीपासून एक फाइल करा. डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओची चिठ्ठी, ज्यावर ‘आठवड्यातून इतक्या वेळा, इतके आठवडे’ असा उल्लेख हवा. प्रत्येक भेटीची पावती, तारीख आणि नोंदणी क्रमांकासह. महिनाअखेर एकच मोघम पावती चालणार नाही.

मेडिक्लेम साधारणपणे दवाखान्यातून घरी आल्यावरच्या ठरावीक दिवसांचा खर्च देतो. आरोग्य संजीवनी पॉलिसीत हे ६० दिवस आहेत, इतर पॉलिसींत ९० किंवा १८०ही असतात. त्या मुदतीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झालेली फिजिओथेरपी यात बसू शकते. अनेक घरं दवाखान्याचा क्लेम कॅशलेस झाला म्हणून हा भाग मागतच नाहीत. जास्त भेटींचे पहिले दोन महिने याच मुदतीत येतात, तेव्हा पॉलिसीचं ते पान आजच काढून वाचा.

आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या उपचारावर झालेला खर्च, वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत, जुन्या करप्रणालीत वजा होतो. ८०डी म्हणून सगळ्यांना माहीत असलेली ती वजावट. अट अशी की पैसे रोखीनं दिलेले नसावेत, म्हणून फिजिओला यूपीआयनं द्या. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर ७५,००० आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वेगळी वजावट आहे. वय ६५च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून साहाय्यभूत साधनांसाठी एकदा ३,००० रुपये बँकेत जमा होतात.

गंभीर आजाराची पॉलिसी, म्हणजे क्रिटिकल इलनेस, कुठे आयुर्विम्याला जोडून किंवा कंपनीतून मिळालेली आहे का तेही शोधा. घरातल्या कर्त्या माणसाच्या कागदांत ती असते आणि बाकी कोणाला ठाऊक नसते. ती बिलांवर नाही, निदानावर ठरलेली रक्कम एकदम देते. पक्षाघाताची तिच्यातली व्याख्या कायम राहिलेल्या लक्षणांची आहे आणि मेंदूच्या हानीची लक्षणं किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा मागितला जातो. म्हणून घरी आल्याबरोबर विमा कंपनीला लेखी कळवून ठेवायचं आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर न्यूरॉलॉजिस्टची तारीख घेऊन हात किती हलतो, पकड किती आहे, हे त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्यायचं. फिजिओनं घेतलेली मोजमापं त्याच फाइलमध्ये असतील तर डॉक्टरांना ते लिहायला पाच मिनिटं लागतात.